घोड्यापेक्षा बुटका हत्ती

बुद्धिबळ खेळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, स्वतः न खेळता शेजारी उभं राहून चाली सांगणारी त्याहून जास्त आहेत. पण आयुष्यभर बुद्धिबळाच्या नादात राहून एकही डाव मन लावून न खेळलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. आमच्या साडूभाऊंना खेळाशी कर्तव्य नव्हतं. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणाचा वजीर कसा गेला, यातलं त्यांना काही विचारू नये. त्यांना काळजी असायची ती वजीर राजाच्या खांद्यापर्यंत येतो की कानापर्यंत, घोड्याची मान किती झुकली आहे, प्याद्याचं डोकं अंगाच्या मानानं जड तर झालेलं नाही ना, याची. कुणाच्या घरी पट मांडलेला दिसला की बाकीचे डावाकडे बघत; साडूभाऊ जमिनीवर गुडघे टेकून, एक डोळा मिटून, मोहऱ्यांच्या डोक्यांची रेघ बघत. खेळणाऱ्यांना वाटायचं, कुणी तरी मोठा जाणकार आला. एखादा तर घाबरून हातात घेतलेला मोहरा परत ठेवायचा. मग साडूभाऊ गुडघे झटकत उठायचे आणि फार गंभीरपणे म्हणायचे, "उंट थोडा सडपातळ हवा होता."

माझी त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली. मी बायकोपेक्षा बोटभर बुटका आहे. ही गोष्ट आम्हा दोघांना ठाऊक होती, दोन्हीकडच्या मंडळींना ठाऊक होती, आणि सगळ्यांनी मिळून तिच्याबद्दल न बोलायचं ठरवलेलं होतं. विधी आटोपले, भर उकाड्यात कल्याणच्या त्या हॉलमध्ये आम्ही लोकांच्या शुभेच्छा घ्यायला उभे राहिलो, आणि मी डोक्यावरचा फेटा काढायला हात वर नेला. तेवढ्यात समोरच्या रांगेतून एक गृहस्थ लगबगीनं स्टेजवर चढले, माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "फेटा काढू नका. वजीर राजापेक्षा उंच दिसला की पटावर घोटाळा होतो." एवढं बोलून ते खाली जाऊन बसले, एक डोळा मिटून त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. मी शेवटचा पाहुणा जेवून जाईपर्यंत फेट्यात उकडत उभा होतो. अल्बममध्ये मात्र आम्ही दोघं अगदी प्रमाणात आलो आहोत, हे मला मान्य करावं लागतं.

ते वाढले कल्याणजवळच्या मोहने गावात. वडील तिथल्या कारखान्यात होते. संध्याकाळी पाळी सुटली की कामगारांच्या वसाहतीत ओट्यावर बुद्धिबळाचे डाव पडत. पण तिथला पट म्हणजे निरनिराळ्या घरांतून उरलेल्या मोहऱ्यांचं संमेलन असायचं. एका बाजूचा राजा प्लास्टिकचा, वजीर लाकडी आणि राजाच्या दीडपट उंच, तर दुसऱ्या बाजूला उंट आणि प्यादं यांत फरक ओळखायला डोळे ताणावे लागत. बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं. साडूभाऊंना मात्र तो अन्याय वाटायचा. पुढे ते ठाण्यात एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले, खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर आला, आणि लहानपणची ती अस्वस्थता शास्त्रात बसली. निवृत्तीनंतरही तो कॅलिपर त्यांच्या शर्टच्या खिशात असतो. लोक चष्मा बाळगतात तसा.

त्यांच्या लग्नाची हकीकत आमच्या सासरी अजूनही सांगतात. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कॉलेजात बुद्धिबळाची चॅम्पियन होत्या. पुढे त्यांनी कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवलं, आणि वर्गातल्या फळ्याकडे बघत असत त्याच शांतपणे पटाकडे बघत असत. साडूभाऊ त्यांना बघायला आले, पोहे झाले, आणि मुलाला बुद्धिबळाची आवड आहे असं कळल्यावर सासऱ्यांनी कौतुकानं पट आणला. त्या सेटमधला एक काळा घोडा कधीच हरवलेला होता. त्याच्या जागी खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण असायचं, आणि ताई त्या झाकणानं वर्षानुवर्षं लोकांना मात देत आल्या होत्या. त्यांनी साडूभाऊंना चहा निवायच्या आत हरवलं. साडूभाऊंचं पटाकडे लक्षच नव्हतं; ते सगळा वेळ झाकणाकडे बघत होते. घरी गेल्यावर आईनं विचारलं, मुलगी कशी वाटली. ते म्हणाले, "मुलगी फार चांगली आहे. पण त्यांच्याकडे एक घोडा कमी आहे." आईनं त्याचा भलताच अर्थ घेतला आणि त्या घराण्यात कुणाच्या डोक्यावर काही परिणाम आहे का याची कल्याणात गुपचूप चौकशी सुरू केली.

दुसऱ्या भेटीला साडूभाऊ पेढे न आणता कागदात गुंडाळलेला एक घोडा घेऊन आले. स्वतः कोरलेला. तो इतका देखणा उतरला होता की त्याच्या शेजारी बाकीचे मोहरे भिकारी दिसू लागले, मग पुढच्या भेटीत दुसरा घोडा आला, मग उंट आले, आणि साखरपुड्यापासून लग्नापर्यंत त्यांनी सासऱ्यांचा अख्खा सेट एकेक करून बदलून टाकला. सासरे खूश होते. ताई एवढंच म्हणाल्या, "मला झाकणानंसुद्धा चालत होतं." या एका वाक्यात त्यांचा पुढचा सगळा संसार होता. ताईंना खेळ हवा होता, साडूभाऊंना मोहरे हवे होते. एकाच पटाच्या दोन बाजूंना बसून दोघं दोन निरनिराळ्या गोष्टी करत असत. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं भांडण घोड्यांची तोंडं कुठे करायची यावरून झालं. साडूभाऊंचं म्हणणं, घोडा शत्रूकडे बघत उभा पाहिजे. ताईंचं म्हणणं, समोरून बघितलेला घोडा प्याद्यासारखा दिसतो, आडवा ठेवला की एका नजरेत ओळखू येतो. ते भांडण अजून मिटलेलं नाही. काळे घोडे पुढे बघतात आणि पांढरे आडवे, असा तह करून दोघं राहतात.

पण साडूभाऊंच्या आयुष्यातलं खरं दुःख घोडा नव्हतं, हत्ती होतं. जगभर बुद्धिबळाचे जे मोहरे चालतात त्यांत हत्ती घोड्यापेक्षा बुटका असतो, ही गोष्ट तुमच्याआमच्या कधी लक्षातही येत नाही. साडूभाऊंना ती झोपू देत नसे. नवीन ओळख झाली की नावगाव विचारून झाल्यावर ते हळूच विचारत, "तुम्ही हत्ती बघितलाय ना? आणि घोडा? मग मला सांगा." मी एकदा त्यांना समजावलं, की दादा, हा घाट इंग्रजांचा. आपण ज्याला हत्ती म्हणतो तो त्यांचा बुरूज आहे. आपला उंट म्हणजे त्यांच्या धर्मगुरूची टोपी. आपण जुनी नावं ठेवली आणि त्यांचे आकार घेतले, म्हणून असं झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग नाव तरी बदला, नाहीतर आकार तरी बदला. दोन्ही कसं ठेवता?"

नौपाड्यातल्या एका खेळाच्या दुकानात तर ते दिसले की मालक बुद्धिबळाचे डबे खालच्या फळीवर सरकवून कॅरमचे बोर्ड पुढे करायचा. कारण साडूभाऊ डबा उघडायला लावत, चारही घोडे काउंटरवर ओळीनं उभे करत आणि एकेकाची तब्येत सांगत. हा उपाशी आहे, ह्याला दात दुखतोय, हा घोडा नसून गाढवाच्या वळणावर गेलेला आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही मग ते तसंच दिसू लागे आणि ती डबा परत करून जात.

डोंबिवलीत आमच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, रडतही नव्हत्या, आणि त्याचीच सगळ्यांना काळजी होती. मी बघितलं तर साडूभाऊंची नजर समोरच्या शोकेसवर खिळलेली. मी त्यांना कोपरानं ढोसलं. उपयोग झाला नाही. ते उठले, लोकांना वाटलं काकूंचं सांत्वन करायला निघाले, आणि त्यांनी सरळ शोकेसचं दार सरकवून आतला एक मोहरा हातात घेतला. अंबारीसकट खराखुरा हत्ती होता तो, सोंड वर केलेला, चांगला दणकट. "यांचा हत्ती घोड्यापेक्षा मोठा आहे," साडूभाऊ भारावून म्हणाले. माझ्या बायकोनं डोळे मिटून घेतले. आणि काकू बोलायला लागल्या. राजस्थानच्या ट्रिपमध्ये तो सेट काकांनी कसा घेतला, बस सुटायची वेळ झाली तरी दुकानातून कसे निघेनात, काकू चिडून बसमध्ये एकट्याच कशा जाऊन बसल्या, मग ते धावत कसे आले. बोलता बोलता त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. साडूभाऊ त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून हत्ती हातात फिरवत सगळं ऐकत होते. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "उंटालासुद्धा खरी मदार होती, बघितलंस का?" आपण आत काय करून आलो याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला तोही त्यांनी पटाच्या हिशोबानं. मोहरे करणाऱ्यांत एक ठोकताळा आहे, की एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. मावली तर पट आणि मोहरे एकमेकांना शोभतात. साडूभाऊ फ्लॅट बघायला गेले की प्रत्येक खोलीत ताईंना, मला, माझ्या बायकोला आणि स्वतःला चार कोपऱ्यांत उभं करायचे. बिल्डरच्या माणसाला वाटायचं, वास्तुशास्त्राचा काही नवीन प्रकार आहे. शेवटी वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट पसंत पडला. त्याच्या हॉलच्या खिडकीतून सगळा घोडबंदर रोड दिसतो, म्हणजे रस्ता दिसत नाही, त्याच्यावर उभ्या असलेल्या गाड्या दिसतात.

त्या सोसायटीनं एकदा हौसेनं बागेत मोठं बुद्धिबळ मांडलं. कमरेएवढे प्लास्टिकचे मोहरे. वाहतुकीत राजाच्या मुकुटावरचं टोक मोडलं होतं, त्यामुळे राजा वजिरापेक्षा ठेंगणा झाला होता. पोरं आनंदानं खेळत होती. साडूभाऊ मीटिंगमध्ये उभे राहिले. पाण्याचा टँकर, पार्किंग आणि कबुतरं हे विषय बाजूला ठेवून त्यांनी राजाच्या उंचीवर भाषण केलं. सेक्रेटरी भला माणूस होता, तो म्हणाला, "काका, पोरं खेळतायत ना, मग झालं की." साडूभाऊंनी मग स्वतःच नळाची एक तोटी आणून राजाच्या डोक्यावर घट्ट बसवली. प्रमाण साधलं. पण पुढे कुणाच्या घरी नळाला पाणी आलं नाही की वॉचमन आधी बागेत जाऊन राजाच्या डोक्यावरची तोटी फिरवून बघायचा.

मग निवृत्तीनंतर त्यांनी आपलं जीवितकार्य हाती घेतलं. योग्य मापाचा सेट. ज्यात हत्ती हत्तीएवढा असेल. आंबिवलीला स्टेशनच्या बाहेर एक कातारी आहे. लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय असं लेथवर कातून देतो. साडूभाऊंनी त्याला गाठलं. काळ्यांसाठी शिसवी लाकूड, पांढऱ्यांसाठी फिकट पिवळं हळदू. तेव्हापासून त्या काताऱ्याच्या आयुष्यातली शांती संपली. साडूभाऊ दुकानात स्टूल टाकून बसायचे आणि कॅलिपर लावून म्हणायचे, अजून केसभर कमी. तो एकदा म्हणाला, "साहेब, माझ्या डोक्यावर केस राहिले नाहीत, माप कुठून घेऊ?" पहिला हत्ती झाला तेव्हा त्यानं तो हातात तोलून विचारलं होतं, की याच्याबरोबर उखळही करायचं आहे का.

सेट पूर्ण झाला तेव्हा आम्हाला जेवायला बोलावलं होतं. कबूल करायला हवं, मोहरे सुंदर होते. हत्ती चार कोपऱ्यांत चार बंगल्यांसारखे उभे. ताई खेळायला बसल्या, दोन-चार चाली झाल्या आणि त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. "माझा घोडा कुठाय?" त्यांनी विचारलं. घोडा हत्तीच्या मागे होता. नंतर त्यांनी राजाला आडोसा द्यायला किल्लेकोट केला तर राजाही हत्तीच्या मागे गेला तो दिसेनासाच झाला. पुढच्या खेपेला गेलो तर हत्ती किंचित खाली आलेले. मी विचारलं तर म्हणाले, लाकूड आटलं असेल. त्या वर्षात आंबिवलीच्या त्यांच्या फेऱ्या वाढल्या आणि लाकूड आटतच गेलं. हत्ती वजिराखाली आला, उंटाखाली आला, आणि एका रविवारी मी बघितलं तर तो घोड्याच्याही खाली येऊन स्थिरावलेला होता. अगदी जगात सगळीकडे असतो तितका. साडूभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि शोध लागलेल्या माणसाच्या आवाजात सांगितलं, "कोपऱ्यातला मोहरा ठेंगणाच हवा रे. नाहीतर आतलं दिसत नाही." मी म्हटलं, कमाल आहे. दुसरं काय म्हणणार? पण तो सेट खरोखर निर्दोष झाला होता. त्यातल्या एकाही मोहऱ्याला बोट दाखवायला जागा नव्हती. ते रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायचे.

त्यानंतर केव्हा तरी ताईंचा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा चहाच्या कपानं सांगितलं, मग सहीनं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. फरक पडला पण थोडाच. ताई त्याबद्दल बोलत नसत, म्हणून आम्हीही बोलत नव्हतो. पण पटावर लपवता येईना. एक उंट उचलायला जावं तर शेजारचे दोन मोहरे आडवे व्हायचे. ते उभे करताना आणखी एक. ताई म्हणायच्या, "बांगडी लागली." मग त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या. त्यांच्या मुलीनं बंगलोरहून फोनवर खेळायचं ॲप टाकून दिलं. तिथे बोट भलत्याच घरावर पडायचं आणि फोन ते चाल म्हणून धरायचा. साडूभाऊ म्हणाले, तू नुसतं तोंडानं सांग, मी तुझे मोहरे हलवतो. त्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "माझी चाल मीच ठेवणार. नाहीतर नको." आणि काही दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की आता बुद्धिबळाचा कंटाळा आला, टीव्हीवर पुष्कळ चांगलं लागतं. त्यांना टीव्ही कधीच आवडत नव्हता.

साडूभाऊंनी मला फोन केला, उद्या आंबिवलीला येतोस का. मी गेलो. कातारी आम्हाला बघून नेहमीच्या हताश चेहऱ्यानं हात पुसत उठला. साडूभाऊंनी पिशवीतून तो निर्दोष सेट काढून त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, असाच नवा सेट करायचा, पण बूडं रुंद हवीत. खूप रुंद, ढकललं तरी पडता कामा नये. आतून पोकळ करून शिसं भरायचं. माना जाड, आणि मानेपाशी बोट बसेल अशी खोल खाच. वर काही टोकदार नको, मुकुट नको, अडकेल असं काहीच नको. काताऱ्यानं विचारलं, राजा केवढा ठेवू. साडूभाऊ म्हणाले, "कसाही ठेव. दिसायला कसाही चालेल."

काताऱ्यानं लेथ बंद केला. तो पट्टा फिरायचा थांबेपर्यंत साडूभाऊंकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, घरी बरं आहे ना सगळं?"

साडूभाऊंनी त्याला सगळं सांगितलं. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं इतकं. ताईंचा हात किती हलतो, कुठल्या वेळी जास्त हलतो, मोहरा उचलताना नाही तर ठेवताना जास्त हलतो. हे सगळं त्यांनी कधी बघून ठेवलं होतं देव जाणे. काताऱ्यानं मध्येच एकदाही विनोद केला नाही.

पुढचे दोन-तीन महिने त्यांचे प्रयोग चालले, तेही ताईंच्या नकळत, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या घरात. ते यायचे, लोकरी हातमोजे घालायचे, माझ्या बायकोला टेबल हलवायला सांगायचे आणि डाव्या हातानं मोहरा उचलून ठेवून बघायचे. माझी बायको म्हणायची, भाऊजी, भूकंपातसुद्धा खेळता येईल आता. पण त्यांचं समाधान होत नव्हतं. घोड्याच्या कानांत बोट अडकत होतं. असल्याच कानांच्या घडणीवरून त्यांनी एके काळी नौपाड्याच्या दुकानदाराशी अबोला धरला होता. आमच्या गॅलरीत बसून त्यांनी कानस घेतली आणि चारही घोड्यांचे कान स्वतःच्या हातानं घासून टाकले. काम झाल्यावर बराच वेळ खाली बघत भुसा झटकत होते. घोडे मग घोड्यांसारखे दिसेनात. गुडघ्यात मान घालून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसू लागले. पटही नवा करावा लागला, मोठ्या घरांचा, कारण ती बूडं जुन्या घरांत मावत नव्हती. चार प्याद्यांची तर बातच सोडा, एका घरात दोन प्यादीही बसेनात.

साडूभाऊंनी पट नेऊन ठेवला त्या दिवशी मी आणि माझी बायको बरोबर होतो. कसं सांगायचं याची रिक्षात त्यांनी माझ्या बायकोबरोबर तालीम केली होती, पण घरी गेल्यावर टेबलावर पट मांडून एवढंच म्हणाले, "नवीन डिझाइन आहे. बघ जरा कसं वाटतंय."

ताई जवळ येऊन बघत राहिल्या. आयुष्यात कधी मोहऱ्यांच्या रूपाबद्दल चकार शब्द न काढलेल्या त्या बाई म्हणाल्या, "अहो, किती कुरूप आहेत हे."

"हो," साडूभाऊ म्हणाले.

"राजा तर पार ठेंगू झालाय."

"असू दे."

ताईंनी एक प्यादं उचललं. त्याचं वजन हाताला लागलं तसा हात थोडा थांबल्यासारखा झाला. पूर्ण नाही, पण थोडा. प्यादं हवेत डावीउजवीकडे गेलं, खाली आलं, शेजारच्या प्याद्याला घासलं. ते पडलं नाही. ताईंनी बोटं सोडली आणि प्याद्याकडे, मग साडूभाऊंकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं हे आम्हाला कळलं. पण त्या म्हणाल्या, "तुमची चाल आहे." माझ्या बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन नको असलेला चहा टाकला. साडूभाऊ सात वाजायच्या आत हरले.

आता रविवारी आम्ही गेलो की ते दोघं बहुधा पटावरच असतात. नवीन कुणी आलं तर ते सेट बघून हसतं, हे पोळपाटाच्या दुकानातून आणलं का विचारतं, आणि साडूभाऊ हो म्हणतात. जुना सेट त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला ते सांगत नाहीत. मागे एकदा गॅलरीत ते फोनमध्ये डोकं घालून बसलेले दिसले. मी डोकावलो तर बुद्धिबळाचे डाव. नुसते मोहरे नाही, चाली. कुणी तरी समजावून सांगत होतं, हे मान डोलावत होते. मी म्हटलं, दादा, या वयात तुम्ही खेळ शिकताय? त्यांनी आत ताईंचा कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"अरे, मोहरा कधी कधी दोन घरांच्या रेघेवर टेकतो. तिला कुठलं घर हवं होतं ते मला कळायला नको? दर वेळी काय विचारायचं?"

गेल्या रविवारीही डाव चालू होता. ताईंची चाल होती, त्यांनी घोडा उचलला. त्या दिवशी हात जरा जास्तच हलत होता. साडूभाऊ खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले आणि तिथून मला हाक मारली. म्हणाले, तो बघ, तो ट्रकवाला कसा मध्येच आडवा घुसलाय. मी जाऊन उभा राहिलो. मागोमाग माझी बायको आली. खाली घोडबंदर रोड या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा होता, ट्रक जागचा हलत नव्हता, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. आम्ही तिघं तो मोठ्या उत्सुकतेनं बघत राहिलो. बऱ्याच वेळानं मागे पटावर लाकूड टेकल्याचा जड आवाज आला. साडूभाऊ आणखी थोडा वेळ ट्रककडे बघत थांबले, आणि मग वळले.